एकवीस समित्यांची बाई

पत्राच्या पहिल्याच ओळीत 'नियम सात' हे शब्द आले आणि डीनसाहेबांनी केक कापायची सुरी खाली ठेवली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी विद्यापीठाच्या कागदात आपल्या नियमाचा उल्लेख आला की त्यांची छाती दोन इंच पुढे येत असे. आज पंचाहत्तरावा वाढदिवस असल्याने ती अडीच इंच आली.

"पुन्हा वाच," ते धाकट्या मुलीला म्हणाले. "सावकाश. स्वल्पविराम पाळून."

धाकटीने फोन डोळ्यांसमोर धरला. ती त्यांच्याच विद्यापीठाच्या विज्ञान-अभियांत्रिकी शाखेत पंप आणि पाइपांतून वाहणाऱ्या पाण्याचं शास्त्र शिकवत असे. विद्यार्थी तिला पंपबाई म्हणत आणि तिला ते आवडत असे. आवाजात जराही चढउतार न आणता तिने वाचलं:

"'नियम सातनुसार, प्राध्यापकपदाच्या निवड समितीवर किमान एक स्त्री अध्यापक असणे बंधनकारक आहे. शाखेत सध्या आपण एकमेव स्त्री अध्यापक असल्याने आपली या समितीवर नियुक्ती करण्यात येत आहे. समितीच्या सदस्याला त्याच पदासाठी उमेदवार राहता येत नाही. सबब आपण आपला अर्ज आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत मागे घ्यावा. सहकार्याबद्दल आगाऊ आभार. कुलसचिव.'"

"मसुदा स्वच्छ आहे," डीनसाहेब म्हणाले.

मग अर्थ हळूहळू त्यांच्यापर्यंत पोचला.

"एक मिनिट. म्हणजे तुला प्राध्यापक होता येणार नाही, याचं कारण..."

"मी बाई आहे, आणि बायकांवर अन्याय होऊ नये म्हणून," धाकटी म्हणाली. "हो, बाबा."

डीनसाहेबांची बहीण, म्हणजे मुलींची आत्या, इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. एकाहत्तराव्या वर्षीही ती हसायला लागली की खुर्ची हलत असे.

समोर बसलेले जावईबापू मात्र मेणबत्त्या मोजण्यात गढून गेले होते. त्यांना तसं कारण होतं. जागा एकच निघाली होती, नऊ वर्षांनी निघाली होती, अर्ज दोनच होते, आणि दुसरा अर्ज त्यांचा होता. ते त्याच विभागात शिकवत. ताईशी, म्हणजे थोरल्या मुलीशी, लग्न करून घरात आल्याला त्यांना अठरा वर्षं झाली होती. धाकटीशी त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला लागणारा वेळ तिच्याकडे नव्हता.

डीनसाहेबांनी चमचा पेल्यावर तीनदा वाजवला.

"बैठक," ते म्हणाले.

या घरात गच्चीच्या गळतीपासून ताईच्या लग्नापर्यंत सगळं बैठकीत ठरलं होतं. अध्यक्ष कायम तेच. इतिवृत्ताची वही टीव्हीखालच्या खणात असे. डीनसाहेबांनी ती काढली आणि न बघताच ताईच्या हातात दिली. ताईने पेन शोधलं. तिचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं, हाताखाली चार माणसं होती, पण वडिलांनी वही पुढे केली की तिचा हात आपोआप पुढे जात असे.

"विषय एक," डीनसाहेब म्हणाले. "धाकटीचा अर्ज. मतं मांडा. मोजक्या शब्दांत."

"मी बोललो तर ते स्वार्थाचं वाटेल," जावईबापू म्हणाले.

"मग नका बोलू, भावोजी," धाकटी म्हणाली.

"पण बोललो नाही तर मनात खोट आहे असं वाटेल. म्हणून बोलतो. तू या वेळेला समितीवर बस. मान मोठा आहे. पुढची जागा निघाली की अर्ज कर. मी स्वतः तुझा अर्ज तपासून देईन."

"पुढची जागा कधी निघेल?"

"निघेल की. निघतच असतात."

"मागची निघाली तेव्हा माझ्या मुलीला दात येत होते," ताई वहीतून मान वर न काढता म्हणाली. "आता ती त्याच दातांनी माझ्याशी वाद घालते."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?" जावईबापूंनी विचारलं.

"मी इतिवृत्त लिहितेय. मला बाजू नसते."

डीनसाहेबांनी घसा साफ केला. अडचण नियमातून उभी राहिली असेल तर उत्तरही नियमातच सापडतं, यावर त्यांचा आयुष्यभर विश्वास होता. "शांतपणे घ्या. नियमातून सूट मागता येते. सूट समितीकडे अर्ज टाकायचा. आजही चालेल."

"सूट समितीवर मी आहे," धाकटी म्हणाली.

"असशील. बाकीचे चार बघतील."

"स्त्री सदस्याशिवाय बैठक होत नाही. आणि माझ्याच अर्जावर मला बसता येत नाही."

"बरं. मग नियमातच दुरुस्ती. नियम दुरुस्ती समिती..."

"तिथेही मीच."

"तक्रार निवारण?"

"तिथे मी अध्यक्ष आहे, बाबा. मी माझ्याकडे तक्रार केली, तर तिची चौकशी मला करावी लागेल. आणि मी निःपक्षपाती नाही म्हणून मला ती सोडावी लागेल. मग तिथे बाई उरणार नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने ग्रंथालयातल्या पंख्याबद्दल तक्रार केली, तेव्हाच हे सगळं होऊन गेलंय. तो पंखा माझ्या शिफारशीने घेतला होता."

"तू एकूण किती समित्यांवर आहेस?" आईने विचारलं. आई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. बैठकीत ती फार बोलत नसे, पण आकड्यांचा विषय निघाला की चष्मा लावत असे.

"एकवीस. हिच्यासकट बावीस."

"आणि जावईबापू?"

"दोन," जावईबापू म्हणाले. "एक तर नुसती नावाला आहे."

"सांग ना, कुठल्या कुठल्या," आत्या म्हणाली. तिला आता आवरत नव्हतं. "आज वाढदिवस आहे. जरा करमणूक होऊ दे."

धाकटी बोटांवर मोजू लागली. "प्रवेश. परीक्षा. वसतिगृह. वसतिगृहाचे पडदे, ती वेगळी समिती आहे. सायकल स्टँड. यंत्रखरेदी. जुन्या यंत्रांची विल्हेवाट. परदेश दौरे. कुलगुरूंची मुदतवाढ. पाहुण्यांचं स्वागत..."

"फुलं कोण देतं ते मी ओळखलं," आत्या म्हणाली.

"...कबुतरांचा उपद्रव. ध्वनिप्रदूषण. अध्यापक-पदोन्नती-निकष. आणि शाखेत स्त्रियांची संख्या इतकी कमी का, याची कारणमीमांसा करणारी समिती."

"ती काय म्हणते?" आईने विचारलं.

"स्त्री सदस्याला वेळ नसल्यामुळे बैठक होत नाही."

डीनसाहेब हसले नाहीत. त्यांना आठवलं, वीस वर्षांपूर्वी नियम सात मंजूर झाला, तेव्हा सभागृहातले पुरुष उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपण काहीतरी मोठं काम केलं, या समाधानात ते त्या दिवशी पायी घरी आले होते. आज एवढ्या वर्षांनी त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं, की टाळ्या वाजवणाऱ्यांचाही काही फायदा असेल का? प्रत्येक समितीत एक बाई दिसली की काम भागत होतं. दुसरी कोणी नेमायला हवी, असं मग कुणाला वाटलंच नव्हतं. चौऱ्याऐंशी अध्यापक होते, आणि आरडाओरडा होऊ नये यासाठी एक बाई पुरत होती.

"पण हेतू चांगला होता," ते म्हणाले.

"दादा, हेतूला कोण नावं ठेवतंय?" आत्या म्हणाली. तिचं हसू ओसरलं होतं, पण आवाजात मिस्कीलपणा शिल्लक होता. "तुझा हेतू मी जवळून पाहिलाय. आठवतं, मी कायम होण्यासाठी अर्ज केला होता?"

आत्याने त्याच विद्यापीठात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं एकतीस वर्षं शिकवली होती आणि ती सगळी वर्षं तात्पुरती म्हणून. दर वर्षी नेमणूक, दर वर्षी समाप्ती. तिच्या हाताखाली परीक्षानळी धरायला शिकलेले तिघे पुढे तिचे विभागप्रमुख झाले.

"तो अर्ज मी हाताळला नाही," डीनसाहेब ताठ होत म्हणाले. "तू माझी बहीण. मी फाइल उघडलीसुद्धा नाही. त्याच दिवशी समितीकडे पाठवली."

"पाठवलीस खरी. आणि त्या समितीला काय लागत होतं?"

डीनसाहेबांना उत्तर माहीत होतं. ते इतकं लवकर सुचलं याचंच त्यांना वाईट वाटलं.

"बाई," ते म्हणाले.

"आणि पदार्थविज्ञानाच्या बाईंवर तेव्हा एकोणीस समित्या होत्या. बिचारी भली होती. जिन्यात भेटली की म्हणायची, तुमचाच नंबर लावतेय. नंबर लागेपर्यंत मी साठ वर्षांची झाले. नंतर तिनेही नोकरी सोडून रोपवाटिका काढली. तिच्या समित्या हिला मिळाल्या. खूप छान गुलाब लावते, असं ऐकते."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विषयपत्रिकेवर घेतलं नाहीस."

ताईचं पेन थांबलं. हे इतिवृत्तात घ्यायचं की नाही, असं तिने नजरेनेच विचारलं. डीनसाहेबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कुणाला कळलं नाही. मग ताईने वही बंद केली आणि टेबलावरून नवऱ्याकडे सरकवली.

"आता तू लिही."

"मी? माझं अक्षर..."

"तुझं अक्षर छान आहे. आपल्या लग्नाआधीची तुझी पत्रं मला नीट वाचता आली होती."

जावईबापूंनी वही घेतली. पंधरा मिनिटांपूर्वी ताईला बाजू नव्हती. आता तिला एक बाजू होती, आणि ती आपली नाही, हे त्यांना पेनाचं टोपण काढता काढता समजलं.

साडेतीन वाजले होते. धाकटी उठली. "राहू द्या. मी अर्ज मागे घेते. सोमवारी कबुतरांची बैठक आहे, तिची टिपणं काढायची आहेत." ती हे इतक्या साध्या सुरात म्हणाली, की बिल भरून येते म्हणाली असती तरी तसंच वाटलं असतं.

"बस," आई म्हणाली. "माझा एक प्रश्न आहे. अहो, ही नसली तर काय होतं?"

"कुठे नसली तर?"

"समित्यांवर. उद्या ही आजारी पडली, नाही तर रोपवाटिका काढली. मग?"

डीनसाहेबांना नियम पाठ होता. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवला असता. "नियम सात, पोटनियम तीन. स्त्री सदस्याविना समितीचे कामकाज होणार नाही. झाल्यास ते रद्दबातल ठरेल."

"कुठल्या समितीचं?"

"सगळ्याच."

"प्रवेश?"

"रद्दबातल."

"परीक्षा? कुलगुरूंची मुदतवाढ?"

"रद्द..." डीनसाहेब थांबले. बायकोशी लग्न होऊन एकोणपन्नास वर्षं झाली होती. ती इतका साधा चेहरा करून बसली, की पुढच्या क्षणाला शेवटची पायरी येते, एवढं गणित त्यांना एव्हाना येत होतं.

आत्याने टेबलावर थाप मारली. "वहिनी, तुम्ही इतकी वर्षं नुसतं मुलांना वर्गमूळ शिकवत बसलात!"

"राजीनामे," धाकटी हळूच म्हणाली. मग जरा मोठ्याने म्हणाली, "एकवीस."

"हा अडवणुकीचा प्रकार आहे," जावईबापू म्हणाले.

"नाही," डीनसाहेब म्हणाले, आणि आपलाच आवाज ऐकून चकित झाले. "हा नियमाचा काटेकोर अंमल आहे. समितीची सदस्यता ऐच्छिक असते. पोटनियम पाच. तोही मीच लिहिलाय. लिहून घ्या."

पुढचा पाऊण तास त्या जेवणाच्या टेबलावर जे काम चाललं, तसं विद्यापीठात कधी चाललं नव्हतं. डीनसाहेब येरझारा घालत मसुदा सांगत होते. धाकटी फोनवर टाइप करत होती. आई क्रमांक घालत होती. आत्याने केकचे तुकडे कापून ज्याच्या त्याच्या तोंडाशी धरले, कारण हात कुणाचेच मोकळे नव्हते.

"'कामाच्या ताणामुळे' लिहू?" धाकटीने विचारलं.

"अजिबात नाही. कारण दिलं की त्यावर समिती नेमतात. 'मी आजपासून या समितीची सदस्य नाही.' पूर्णविराम. पुढची."

"सायकल स्टँड झालं. परदेश दौरे."

"थांबा," जावईबापू म्हणाले. वही त्यांच्या मांडीवरून घसरली. "परदेश दौऱ्यांच्या समितीत माझा अर्ज आहे. बुधवारी निर्णय आहे. परिषद आहे माझी! विमानाची चौकशीही केलीय."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. त्या दौऱ्यावर ताईही जाणार होती. तिने नवी बॅग घेतल्याचं घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण तिने ती सगळ्यांना दोनदा दाखवली होती. ताईने केकचा घास सावकाश चावला. डीनसाहेबांना वाटलं, इथे गाडं अडणार. ठराव पडणार.

"पाठव," ताई म्हणाली.

"अगं!"

"बॅग कुठे पळून जात नाही. आणि तुला ही जागा मिळायचीच असेल तर हिला हरवून मिळव. समोर कुणी नसताना पहिला आलास, तर मी मैत्रिणींना काय सांगू?"

जावईबापू वाईट माणूस नव्हते. त्यांनी वही उचलली, धूळ झटकली आणि पानावरून बोट फिरवून म्हणाले, "पडद्यांची राहिली. दोन वेगळ्या समित्या आहेत ना, वसतिगृह आणि पडदे. मोजून बघा, वीसच झालेत."

चार वाजून बावीस मिनिटांनी एकविसावा राजीनामा गेला. त्याच्या मागोमाग एका ओळीचं बाविसावं पत्रही गेलं: निवड समितीवरील नियुक्ती मी स्वीकारत नाही; माझा अर्ज कायम आहे.

चार वाजून एकतीस मिनिटांनी फोन वाजला. धाकटीने तो स्पीकरवर ठेवला.

"मॅडम," कुलसचिव म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "काहीतरी गैरसमज झालाय का? माझ्याकडे तुमची बावीस पत्रं आलीत."

"मोजलीत? बरं झालं."

"मॅडम, सोमवारी प्रवेशाची यादी लागायचीय. गुरुवारी परीक्षेचे निकाल. आणि मुदतवाढीची बैठक उद्या सकाळी आहे. कुलगुरू इथे माझ्यासमोर बसलेत. त्यांची मुदत उद्या संपते."

"त्यांना माझ्या शुभेच्छा सांगा."

आत्याने तोंडात पदराचा बोळा कोंबला.

"तुमचं म्हणणं काय आहे, मॅडम?"

धाकटीने वडिलांकडे पाहिलं. डीनसाहेबांनी नुसते हात मागे बांधले. सुचवायला त्यांच्याकडे तीन मुद्दे आणि एक उपमुद्दा तयार होते, पण ते सगळे त्यांनी गिळले. ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत लहान भाषण होतं.

"निवड समितीवर दुसऱ्या विद्यापीठातली बाई आणा," धाकटी म्हणाली. "माझ्या विषयातली. चार जणींची नावं मी आत्ता पाठवते. त्यांतल्या एकीलाही मी ओळखत नाही, नुसतं वाचलंय. मुलाखत ठरल्याप्रमाणे मंगळवारी. भावोजीही असतील, मीही असेन."

"बाहेरची बाई? नियमात बसेल का ते?"

"तुम्ही सांगा."

फोनच्या पलीकडे कुजबुज झाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "अहो, बसवा ना!"

"बसवतो," कुलसचिव म्हणाले. "पण मग बाकीच्या समित्या, मॅडम..."

"मुदतवाढ, प्रवेश आणि परीक्षा, या तिन्ही मी महिनाभर चालवते. तेवढ्यात शाखेत आणखी बायका नेमायची जाहिरात काढा. पडदे तुम्ही स्वतः निवडा, कठीण नसतं. कबुतरांची मात्र मला राहू द्या."

"कबुतरांची? का?"

"तिथे मी बोलले की कोणीतरी हलतं तरी."

फोन बंद झाला. आईने घड्याळ पाहिलं. "चार चाळीस. नऊ मिनिटं," ती म्हणाली. डीनसाहेबांनी ते ऐकलं. वीस वर्षं जे नियमात बसत नव्हतं, ते नऊ मिनिटांत बसलं होतं. त्यांनी आत्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं नऊ मिनिटांत बसवून देता येत नाहीत, हेही त्यांना कळत होतं.

"मी..." ते म्हणाले.

"केक खा, दादा," आत्या म्हणाली. "बाकीचं पुढच्या बैठकीत. आणि तेव्हा अध्यक्ष मी असणार."

त्यांनी केक खाल्ला. तोंड गोड झाल्यावर त्यांना एक काम सुचलं.

"मंगळवारची तयारी," ते म्हणाले. "मुलाखतीची तालीम घेऊ. जावईबापू, तुम्ही प्रतिस्पर्धी. स्वयंपाकघरात जाऊन बसा."

"मग माझी तालीम कोण घेणार?"

"मी घेते," ताई म्हणाली, "रात्री. आणि मी बाबांसारखी सौम्य नाही." तिने त्यांना स्वयंपाकघरात पोचवून दार ओढून घेतलं.

डीनसाहेब खुर्चीत सरसावून बसले. समोर कागद नव्हता. असल्या मुलाखती त्यांनी शेकड्यांनी घेतल्या होत्या. पहिला प्रश्न ठरलेला असे आणि उत्तर ऐकताना ते पुढचा प्रश्न शोधत असत.

"तुमचं संशोधन थोडक्यात सांगा."

धाकटीने फोन टेबलावर पालथा ठेवला. डीनसाहेबांच्या लक्षात आलं, की ती उत्तर शोधत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती. अकरा वर्षं ती रोज त्याच विद्यापीठात जात होती आणि आठवड्यातून दोनदा या टेबलावर जेवत होती. हा प्रश्न त्यांनी तिला आज पहिल्यांदा विचारला होता.

"पंपात पाणी वेगात फिरतं," ती म्हणाली, "तेव्हा काही ठिकाणी दाब इतका कमी होतो, की पाणी थंड असूनही उकळतं. बारीक बुडबुडे होतात. मग ते पुढे जास्त दाबाच्या जागी जातात आणि फुटतात. एकेक बुडबुडा टाचणीच्या डोक्याएवढासुद्धा नसतो. पण लाखांनी फुटतात, आणि पोलादाची पाती कुरतडून टाकतात. चाळणीसारखी. मी ते पातं खराब व्हायच्या आधी ओळखायला बघते."

"कसं ओळखता?"

"आवाजावरून. पंपात कोणी खडी टाकलीय असा आवाज येतो."

डीनसाहेब पुढे वाकले. दुसरा प्रश्न ठरलेला होता, अध्यापनाचा अनुभव. तो त्यांनी सोडून दिला. "मग खडीसारखा एवढा मोठा आवाज येतो, तर कारखान्यातल्या लोकांना तो ऐकू कसा येत नाही?"

"येतो की, बाबा. पाणी वर चढतंय तोपर्यंत त्याचं कुणाला काही वाटत नाही."

स्वयंपाकघराचं दार बोटभर उघडलं. "नेमकी किती वारंवारता..." जावईबापूंचा आवाज आला.

"दार बंद!" ताई, आई आणि आत्या एकदम ओरडल्या.

"घड्याळाकडे बघा, अहो," आई म्हणाली. "मुलाखत वीस मिनिटांची असते."

"आजच्यापुरती नाही," डीनसाहेब म्हणाले. खुर्ची त्यांनी धाकटीच्या जवळ ओढली, चष्मा पुसला आणि दाराकडे न बघता हाक मारली, "जावईबापू, बाहेर या. तुमचा प्रश्न चांगला होता. मलाही त्याचं उत्तर हवंय."